एका गावाची दोन विद्यापीठं

अकोल्याहून वाशिमला निघालं की पातूरच्या पुढे रस्ता घाटात शिरतो, दोन्ही बाजूंनी रान जवळ येतं आणि थोड्या वेळानं मेडशी लागतं. तालुका मालेगाव. हे मालेगाव वाशिमचं, नाशिकचं नव्हे. हा खुलासा इथल्या माणसाला जन्मभर करावा लागतो. गाव काही फार मोठं नाही, पण महामार्ग प्राधिकरणाच्या कागदांत मेडशीला मध्यंतरी एकदम वजन आलं. राष्ट्रीय महामार्ग १६१ चौपदरी करायला घेतला तेव्हा कामाचे तुकडे पाडले गेले. एक तुकडा अकोला ते मेडशी, त्याच्या पुढचा मेडशीपासून वाशिमकडे. एका ठेकेदाराचं काम जिथे संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं, त्या जागेचं नाव मेडशी.

लिहायचं आहे विद्यापीठांविषयी, पण हा सांधा मला फार बोलका वाटतो. कारण विद्यापीठांच्या हिशेबातही मेडशी अशाच सांध्यावर आहे. इथल्या शेतकऱ्याचं विद्यापीठ अकोल्याचं, डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. आणि त्याच शेतकऱ्याची मुलगी मालेगावला किंवा वाशिमला बी.ए., बी.कॉम. करते, तिच्या पदवीवर नाव संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचं. पहिलं चालतं कृषी खात्याच्या हाताखाली, दुसरं उच्च व तंत्रशिक्षण खात्याच्या. घर एकच, अंगण एकच, विद्यापीठं दोन. आणि माझं म्हणणं असं, की या घराला जे काम हवं आहे ते नेमकं या दोघांच्या मधल्या फटीत पडलं आहे.

काम म्हणजे कसलं काम, हे आधी बोलू. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९९९ साली, हुआन सोमाविया महासंचालक असताना, कामाला एक विशेषण जोडलं. मराठीत ते ‘सन्मानाचं काम’ म्हणून पोचतं. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी जी सतरा उद्दिष्टं ठरवली, त्यांत आठवं तेच: सन्मानाचं काम आणि आर्थिक वाढ. शब्द जिनिव्हाचे असले तरी अर्थ कळायला तिकडे जायला नको. उद्या काम आहे की नाही हे आज रात्री ठाऊक असणं. मजुरी आधी ठरलेली आणि वेळेवर. मळणी यंत्रात बोटं गेली तर कुणीतरी जबाबदार असणं. बाईला आणि गड्याला एकच भाव. आणि बाराही महिने काही ना काही.

या शेवटच्या अटीवर सगळं अडतं. वाशिम जिल्ह्याचं खरीप म्हणजे सोयाबीन, सोबतीला ओळीत तूर. सोयाबीन हे घाईचं पीक. पेरणी ट्रॅक्टरनं होते. निंदण पूर्वी बायांच्या हाताला दोन-दोन वेळा काम द्यायचं, ते तणनाशकानं नेलं. उरली सोंगणी. ती एकराच्या गुत्त्यावर जाते, टोळी येते, दसरा-दिवाळीच्या आगेमागे दोन-तीन आठवडे वावरात पाय ठेवायला जागा नसते आणि मग एकदम शांतता. सोंगलेलं सोयाबीन पोत्यात जातं, पोतं बाजार समितीत, तिथून तेलाच्या कारखान्यात. दाण्यात तेल साधारण १८ ते २० टक्के, घाणीवर ते परवडेल इतकं निघत नाही. ते द्रावकानं काढावं लागतं आणि तसला कारखाना गावपातळीवर उभा राहत नाही. म्हणजे सोयाबीन गावाला पैसा देतं, पण काम सोबत घेऊन निघून जातं. पैशाचीही खात्री नाही. २०२४-२५ मध्ये हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर होता आणि त्या दिवाळीत बाजार चार हजारांच्या आसपास घुटमळत होता. पुढच्या वर्षी हमीभाव ५,३२८ झाला. आकडा वाढला म्हणून वावरातली शांतता काही कमी झाली नाही.

आता पहिलं विद्यापीठ. अकोल्याचं कृषी विद्यापीठ सहज मिळालेलं नाही. राज्यात आधी १९६८ साली एकच कृषी विद्यापीठ स्थापन झालं. विदर्भाला वेगळं हवं म्हणून त्याच्याही आधी, १९६७ साली अकोल्यात आंदोलन पेटलं होतं, गोळीबार झाला होता, त्यात तरुणांचे जीव गेले. २० ऑक्टोबर १९६९ ला विद्यापीठ उभं राहिलं. विद्यापीठासाठी माणसं मरायला तयार होतात ही गोष्ट आज सांगितली तर पोरांना खोटी वाटेल. तेव्हा लोकांना त्यातून काय मिळेल असं वाटत होतं? माझ्या मते नोकरी नव्हे. वावर सुधारेल असं वाटत होतं.

आणि वावर सुधारलंही. या विद्यापीठांची घडण अमेरिकेतल्या १८६२ च्या मॉरिल कायद्याच्या वळणावर आहे. सरकारनं महाविद्यालयांसाठी राज्यांना जमीन दिली आणि अट घातली की शेती आणि यंत्रविद्या शिकवा. पुढे त्यात संशोधन आलं, मग विस्तार आला, म्हणजे प्रयोगशाळेतलं ज्ञान बांधावर नेणं. आपल्याकडे १९६० साली पंतनगरपासून हीच तीन पायांची तिवई आली: शिक्षण, संशोधन, विस्तार. मेडशीच्या शिवारात कुणालाही विचारा, वाणांची नावं तोंडपाठ असतात. जबलपूरच्या विद्यापीठाचं जेएस-३३५ वर्षानुवर्षं राज्य करून गेलं. मग परभणीचे वाण, राहुरीच्या विद्यापीठाचं, सांगलीकडच्या कसबे डिग्रजला तयार झालेलं फुले संगम, अकोल्याचे सुवर्ण सोया आणि पीडीकेव्ही अंबा. कुलगुरू कोण हे ठाऊक नसेल, वाण ठाऊक आहे. एखाद्या विद्यापीठाला यापेक्षा मोठी मान्यता कोणती समिती देणार?

खरिपाच्या दिवसांत कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलं-मुली गावोगाव उतरतात. त्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतात. ग्रामीण कार्यानुभव हा त्यांच्या अभ्यासक्रमाचाच भाग. बीजप्रक्रिया करून दाखवतात, निंबोळी अर्क काढतात, कामगंध सापळे लावतात, ग्रामपंचायतीच्या भिंतीपाशी फोटो होतो आणि तालुक्याच्या पेपरात बातमी येते. या बातम्यांची चेष्टा करायचा मोह होतो, पण त्यातलं एक प्रात्यक्षिक मला फार आवडतं. उगवणक्षमतेची चाचणी. घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे घ्यायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचे, आठवड्यानं उघडून कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर एकरी नेहमीचं तीस किलो बियाणं पुरे. कमी आले तर प्रमाण वाढवा. फारच कमी आले तर ते पोतं पेरू नका.

विद्यापीठानं शेतकऱ्याला शिकवलेली ही कसोटी विद्यापीठानं स्वतःला कधी लावली? मालेगाव तालुक्यातले शंभर पदवीधर घ्या. तीन वर्षांनी गोणपाट उघडून पाहा. किती कुठे उगवले? मूल्यांकनासाठी महाविद्यालयं नोकरीला लागलेल्यांची यादी जोडतात, पण ती यादी उगवलेल्या दाण्यांची असते. न उगवलेले कुठे गेले याचा रकाना नसतो. मी सांगतो ते कुठे आहेत. बरेचसे अभ्यासिकेत आहेत. वाशिम, अकोला, अमरावती, पुणे, ऐपतीप्रमाणे शहर बदलतं, खुर्ची तीच. यांत कृषी पदवीधरही कमी नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्यात स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी रस्त्यावर बसले होते, त्यांच्या मागण्यांत एक होती की कृषी सेवेच्या २५८ जागा राज्यसेवेच्या परीक्षेत धरा. दोनशे अठ्ठावन्न! ज्या राज्यात चार कृषी विद्यापीठं आणि त्यांना जोडलेली ढीगभर महाविद्यालयं आहेत, तिथल्या मुलांचं आयुष्य इतक्या चिंचोळ्या बोळातून जायचं ठरवलं गेलं आहे.

सरकारनं मध्ये एक वाट काढली. २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. बारावीला महिना ६ हजार, आयटीआय-पदविकेला ८ हजार, पदवीधराला १० हजार, मुदत सहा महिने. पोरं ग्रामपंचायतीत, शाळेत, सरकारी कचेऱ्यांत बसली, काहींनी खरोखर कामही उपसलं. मुदत संपत आली तशी आंदोलनं झाली, आणखी पाच महिने वाढवून मिळाले. अकरा महिन्यांनी पुन्हा अभ्यासिका. पैसे वेळेवर येवोत न येवोत, पण काम संपण्याची तारीख पहिल्या दिवशीच ठरलेली असेल तर त्याला मी सन्मानाचं काम म्हणणार नाही.

अकोल्याच्या विद्यापीठानं वाणाच्या पलीकडे जाऊन एकदा खरंच काम तयार केलं होतं. अजूनही करतं आहे, पण त्याची गोष्ट पुरेशी सांगितली जात नाही. पीकेव्ही मिनी दाल मिल. विद्यापीठाचं जुनं नाव पंजाबराव कृषी विद्यापीठ, त्यावरून पीकेव्ही. कापणीनंतरच्या तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या इथल्या अभियंत्यांनी तूर, मूग, उडीद, हरभरा यांची डाळ गावातच करता येईल असं छोटं यंत्र बसवलं. विद्यापीठाकडून परवाना घेऊन खासगी कारखानदार ते बनवतात आणि ते विदर्भाबाहेरही गेलं आहे.

आमच्या आज्यांच्या वेळी डाळ घरी व्हायची. तुरीला पाणी-तेल लावून उन्हात टाकायचं, जात्यावर भरडायचं, सुपानं पाखडायचं. टरफल ढोरांना, चुरा कालवणात. ते काम बिनपगारी होतं आणि पाठ मोडणारं होतं, त्याचे गोडवे गायचं कारण नाही. मग मोठ्या दालमिली आल्या आणि तूर पोत्यातच गावाबाहेर जाऊ लागली. शेतकरी तूर विकून किराण्यातून डाळ आणू लागला. मिनी दाल मिल यात तिसरी वाट काढते. खरबरीत रोलरवर दाण्याला ओरखडे, तेल, ऊन, पाणी, पुन्हा ऊन, मग सालं निघून फोड. शंभर किलो तुरीतून ७० ते ७५ किलो डाळ, बाकी चुनी आणि भुसा, तेही जनावरांच्या खाद्यात विकलं जातं. सोयाबीनला जे जमत नाही ते तुरीला जमतं. गावाला परवडेल एवढ्या आकाराचा कारखाना. चालवणारा एक जण लागतो, आणि निवडायला, वाळवायला, भरायला चार-सहा बाया. बचतगटांनी अशा मिली घेतल्या आहेत, शेतकरी कंपन्यांनी घेतल्या आहेत.

आणि त्यातल्या काही ताडपत्रीखाली झाकून पडल्याही आहेत. का? यंत्र बिघडलं म्हणून क्वचितच. जानेवारीत तूर बाजारात येते तेव्हा ती विकत घेऊन ठेवायला रोख पैसा लागतो. २०२५-२६ चा तुरीचा हमीभाव ८ हजार रुपये क्विंटल. शंभर क्विंटल तूर घ्यायची तर आठ लाख मोजावे लागतात आणि डाळ विकून ते परत यायला महिने जातात. गटाकडे आठ लाख नसतात. बँक विचारते, ताळेबंद कुठे? अन्नसुरक्षेचा परवाना हवा, पिशवीवर वजन, तारीख, पत्ता हवा, जीएसटीची विवरणं वेळेत हवीत. अकोल्याच्या दुकानदाराशी उधारीची मुदत ठरवायला हवी. बायांना रोजानं द्यायचं की किलोवर, पावसाळ्यातल्या रिकाम्या महिन्यांचं काय, हेही कुणीतरी कागदावर मांडायला हवं. यातलं काहीही कृषी अभियंत्याचं काम नाही.

ते कुणाचं काम आहे? दुसऱ्या विद्यापीठाचं! याच तालुक्यात अमरावती विद्यापीठाचा वाणिज्य शाखेचा विद्यार्थी ताळेबंद शिकतो आहे. पुस्तकातल्या कुठल्या तरी कंपनीचा. तो उत्तीर्ण होतो, त्याला जमा-खर्चाच्या दोन्ही बाजू जुळवता येतात, आणि काही कोसांवर एक गिरणी केवळ तेवढ्यासाठी बंद असते. एका विद्यापीठाचं यंत्र, दुसऱ्या विद्यापीठाचा हिशेब. दोघांची गाठ पडत नाही, कारण त्यांची खाती वेगळी, मंत्री वेगळे, परिपत्रकं वेगळी. ही तक्रार मी कुठल्या एका अधिकाऱ्याबद्दल करत नाही. सगळे आपापली हद्द नीट सांभाळतात, तीच अडचण आहे.

जगात ही गाठ पडल्याची एक गोष्ट आहे, थोडक्यात सांगतो. स्पेनच्या बास्क डोंगरांतलं मोंद्रागोन. यादवी युद्धानं मोडलेलं गाव. होसे मारिया अरिझमेंदिआरिएता नावाच्या धर्मगुरूनं १९४३ साली तिथे छोटी तंत्रशाळा काढली. तिथे शिकलेल्या पाच जणांनी १९५६ साली रॉकेलच्या शेगड्या बनवायचा सहकारी कारखाना घातला. तीनच वर्षांत, १९५९ ला, त्यांनी स्वतःची पतपेढी काढली, कारण भांडवलाशिवाय कारखाना एकटा टिकणार नाही हे त्या पाद्र्याला दिसत होतं. १९९७ मध्ये या साऱ्याचं विद्यापीठ झालं. क्रम पाहा. शाळा, मग काम, मग पैसा, आणि विद्यापीठ सर्वांत शेवटी. आपण विद्यापीठापासून सुरुवात केली आणि तिथेच थांबलो.

आपल्याकडे ही अक्कल नव्हती असं मात्र नाही. सेवाग्रामच्या नई तालीमचा विचार १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मांडला गेला, तो विदर्भातच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ ही नुसती घोषणा न ठेवता पोरांच्या हातात कुदळ दिली. आज तीच योजना विद्यापीठांत आहे. बऱ्याच ठिकाणी मुलं बागेत आणि ग्रंथालयात तास भरतात. फी निघते, वाईट काही नाही. पण त्या कामातून शिकायला मिळतं काय? अमरावतीच्या विद्यापीठाला तर नावच अशा माणसाचं आहे जो गावात शिरला की आधी खराटा हातात घ्यायचा आणि मग बोलायचा.

अलीकडचं एक चांगलं उदाहरण पाण्याचं आहे. जागतिक बँकेच्या मदतीनं २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आला, लोकांच्या तोंडी ‘पोकरा’. वाशिम जिल्हा त्यात आहे. या प्रकल्पात गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत मुंबईच्या आयआयटीनं बसवून दिली. किती पाऊस पडला, किती वाहून गेला, किती मुरला, पिकाला किती हवं. तिथले प्राध्यापक मिलिंद सोहोनी आणि त्यांचे सहकारी कितीतरी वर्षं सांगत आहेत की अभियांत्रिकी महाविद्यालयांनी जिल्ह्याचे प्रश्न हेच आपले प्रकल्प मानावेत. २०१६ साली त्यातूनच उन्नत महाराष्ट्र अभियानाचा शासननिर्णय निघाला. पाण्याचा आणि कामाचा संबंध सरळ आहे. विहिरीला पाणी टिकलं तर हरभरा-गहू होतो, आणि सोंगणीनंतरची ती शांतता दोन-तीन महिन्यांनी पुढे ढकलली जाते.

आता एक कडू गोष्ट, जी या विषयावरच्या परिसंवादात सहसा निघत नाही. सन्मानाचं काम देण्यावर बोलणारी आपली उच्चशिक्षण व्यवस्था स्वतः कसलं काम देते? सकाळच्या एसटीत, मांडीवर पिशवी ठेवून बसलेला पस्तिशीचा माणूस पाहा. एम.ए., सेट किंवा नेट, कधी पीएच.डी.सुद्धा. तो तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक, म्हणजे सीएचबी. जितके तास घेतले तितके पैसे. सुट्टीत नाही, परीक्षेच्या काळात नाही, आजारी पडला तर नाही. तेही पैसे महिन्याच्या महिन्याला हातात पडतील असं नाही. दर वर्षी नव्यानं मुलाखत. सोंगणीच्या टोळीत आणि याच्यात फरक इतकाच की टोळीला गुत्ता संपला की हातात रोख मिळते. कृषी विद्यापीठांच्या प्रक्षेत्रांवर राबणाऱ्या रोजंदारी मजुरांचे कायम होण्यासाठीचे झगडेही वर्षानुवर्षं चालले आहेत. एसटीतल्या त्या माणसानं वर्गात उभं राहून श्रमप्रतिष्ठेवर तास घ्यायचा असतो. तो घेतोही, आणि चांगला घेतो, हे विशेष.

म्हणून मला कुणी विचारलं की विद्यापीठांनी काय करावं, तर मी नवं केंद्र, नवा कक्ष, नवा सामंजस्य करार सुचवणार नाही. त्या करारांच्या फायली भरपूर आहेत. जे आधीच हातात आहे त्याकडे बोट दाखवीन. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात पदव्युत्तर पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण किंवा क्षेत्रप्रकल्प आहे, चार श्रेयांकांचा. मालेगावच्या एम.कॉम.च्या मुलीनं हे प्रशिक्षण कुठे घ्यायचं? कारखाने नाहीत. मग ओळखीच्या दुकानाचा शिक्का. पण तालुक्यात सेवा सहकारी सोसायट्या आहेत, शेतकरी कंपन्या आहेत, बचतगट आहेत, झाकून ठेवलेली दाल मिल आहे. तिथे कुणी हिशेबाला माणूस ठेवू शकत नाही, आणि हिला हिशेब करायला जागा नाही. तिला त्यासाठी विद्यावेतन मिळालं पाहिजे, फुकट राबवून घेणं नको. नाहीतर आणखी एक सीएचबी तयार होईल. देखरेखीला अकोल्याचा एक अभियंता आणि तिच्या महाविद्यालयाचा एक शिक्षक. दोन खात्यांच्या दोन सह्या एका कागदावर लागतात. खर्च म्हणाल तर बसभाड्याचा.

वेळापत्रकही जमतं, ही गंमत. कृषिकन्या येतात खरिपात, पेरणीला. त्यांचा मुक्काम आटोपतो तेव्हा तूर फुलावर असते. म्हणजे शिकणाऱ्या मुलांनी तुरीची पेरणी पाहिलेली असते, डाळ नाही. दिवाळीच्या सुमारास मेडशीत सोयाबीनची पोती ट्रॉलीवर चढत असतात, बांधालगतच्या तुरीला पिवळी फुलं असतात आणि गिरणी बंद असते. तुरीच्या शेंगा वाळून तुराट्या बांधाला लागतात जानेवारीत, आणि डाळ करायला लागणारं कडक ऊन मे अखेरपर्यंत पुरतं. एम.कॉम.चं दुसरं सत्र साधारण याच महिन्यांत असतं.